काळी पिशवी घडीतच राहावी म्हणून: मिरिसाला देवमासे बघायला जाताना

पहिल्या वेळी श्रीलंकेतल्या मिरिसाच्या समुद्रात आमच्या बोटीला चार देवमासे दिसले, असं बायको सांगते. मला उलटीसाठी दिलेल्या काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीचा तळ दिसला. पहाटे साडेपाचला हॉटेलवाल्याने आग्रहाने वाढलेले दोन पराठे, वर दुधाचा चहा, 'मस्त वारा लागेल' म्हणून धावत जाऊन पकडलेली वरच्या डेकवरची जागा, आणि बंदर सोडल्यावर अर्धा तास मोबाईलमध्ये डोकं घालून काढलेला व्हिडिओ. बोट लागायला जे जे लागतं ते सगळं मी स्वतःच्या हाताने जमवलं होतं.

दोन वर्षांनी पुन्हा गेलो, या वेळी आईला घेऊन. वय अडुसष्ट, गुडघे दुखणारे, आणि गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमध्येसुद्धा डोळे मिटून रामरक्षा म्हणणारी बाई. त्या दिवशी आम्हा दोघांच्याही पिशव्या घडी न मोडता परत आल्या. मधल्या काळात जे शिकलो ते क्रमाने लिहितो.

मिरिसाच का

देवमासा आपल्याकडे दिसतो तो बहुतेकदा किनाऱ्याला लागलेला. जून २०१५ मध्ये रेवदंड्याला सुमारे बेचाळीस फुटी निळा देवमासा वाळूत रुतला आणि गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याजवळ एक पिल्लू अडकलं, लोकांनी तासन्‌तास त्याच्यावर पाणी ओतलं, खोल समुद्रात ओढून नेलं, तरी शेवटी ते वाचलं नाही. जिवंत, श्वास घेणारा निळा देवमासा बघायचा तर मुंबईकराला सगळ्यात सोयीची जागा श्रीलंकेच्या दक्षिण टोकावरचं मिरिसा. कोलंबोचं विमान अडीच तासांच्या आसपास घेतं, घड्याळही बदलावं लागत नाही.

कारण भूगोलात आहे. किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ आपल्या कोकणापुढे लांबवर पसरलेला आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला, दोंद्रा टोकाजवळ, तो अगदी अरुंद आहे. थोडं आत गेलं की तळ एकदम खाली जातो. म्हणजे खोल पाण्यातला प्राणी सकाळच्या सफरीच्या टप्प्यात येतो. शिवाय इथले निळे देवमासे जरा वेगळ्या वळणाचे. इतर ठिकाणचे खायला थंड पाण्यात आणि विणीला उबदार पाण्यात असा लांबचा प्रवास करतात. इथले बरेचसे वर्षभर याच उबदार पट्ट्यात राहतात. श्रीलंकेच्या सागरी जीवशास्त्रज्ञ आशा डी वॉस यांनी हे मांडलं. हे देवमासे क्रिल या बारीक समुद्री जीवांऐवजी मुख्यतः छोट्या कोळंबीसारख्या जीवांवर जगतात, हेही त्यांच्याच कामातून पुढे आलं. आकाराने हे अंटार्क्टिकातल्या भावंडांपेक्षा लहान, पण 'लहान' म्हणजे वीस-बावीस मीटर. एसटीच्या दोन गाड्या एकामागे एक लावा.

कधी जायचं

मिरिसाचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. आपल्याकडे ज्या वाऱ्याने नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढलेल्या असतात, तोच नैर्ऋत्य मोसमी वारा मे ते सप्टेंबरात श्रीलंकेची दक्षिण बाजू झोडपतो. गोची अशी की आपल्या शाळांना सुट्टी लागते ती नेमकी तेव्हा. 'मे महिन्यात मुलांना घेऊन जाऊ' असं म्हणणाऱ्या तीन कुटुंबांना मी आतापर्यंत परावृत्त केलं आहे. मे ते ऑक्टोबर हा काळ पूर्व किनाऱ्यावरच्या त्रिंकोमालीचा. सुट्टीशिवाय जमणारच नसेल तर तिकडचा बेत करा. मिरिसाला त्या दिवसांत कुणी 'बोट जाते, या' म्हणालं तरी हसून नाही म्हणा.

दिवाळीची सुट्टी हा मोह मोठा, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे पाऊस बऱ्यापैकी असतो. नाताळात समुद्र चांगला, गर्दी वाईट. माझं मत विचाराल तर जानेवारी अखेर ते मार्च. एप्रिलच्या १३-१४ तारखेला त्यांचं सिंहली-तमिळ नववर्ष असतं. त्या आठवड्यात दुकानं, वाहनं, सगळंच सुट्टीवर जातं.

पोचायचं कसं, राहायचं कुठे

विमानतळ कोलंबोच्या उत्तरेला कटुनायकेला आहे. तिथून द्रुतगती महामार्गाने गाडी केली तर मिरिसा तीन तासांच्या आत-बाहेर. घाई नसेल तर कोलंबो फोर्ट स्टेशनवरून वेलिगामाची आगगाडी घ्या आणि जाताना उजव्या हाताची खिडकी पकडा. रूळ समुद्राला इतके खेटून जातात की भरतीला पाणी गाडीखाली येईलसं वाटतं. वेलिगामाहून मिरिसा टुकटुकने दहा-पंधरा मिनिटं. भाडं आधी ठरवा, किंवा 'पिकमी' हे त्यांचं ॲप टाकून घ्या. प्रवेशासाठी लागणाऱ्या ईटीएचे, म्हणजे आधी ऑनलाइन काढायच्या परवानगीचे, नियम आणि शुल्क अधूनमधून बदलतात, त्यामुळे मित्राने मागच्या वर्षी काय केलं यावर जाऊ नका, निघण्याआधी सरकारी संकेतस्थळावरच बघा.

मुक्काम मिरिसात किंवा वेलिगामात. गॉलचा किल्ला सुंदर आहे, पण तिथे राहून पहाटे मिरिसा गाठायचं तर साडेचारला उठावं लागतं आणि अपुरी झोप हे बोट लागण्याचं निम्मं कारण आहे. निदान दोन रात्री ठेवा, आणि सफर पहिल्या सकाळी. समुद्र खवळला, देवमासा दिसला नाही, पोरगं तापलं, काहीही झालं तरी दुसरी सकाळ हाताशी राहते. परतीचं विमान आहे त्याच दिवशी सफर घालू नका.

बोट निवडताना

किनाऱ्यावर फिरताना दर पन्नास पावलांवर कुणीतरी फलक घेऊन उभा असतो. 'शंभर टक्के दिसणार' असं सांगणाऱ्याला पहिल्यांदा वगळा. समुद्र कुणाच्या बापाचा नाही. 'नाही दिसला तर दुसऱ्या दिवशी फुकट' ही मात्र रास्त आणि रूढ पद्धत आहे, फक्त ते पावतीवर लिहून घ्या. कारण 'दिसला' म्हणजे काय यावर मागाहून वाद होतात. आमच्याच पहिल्या सफरीत लांबवर एक पाठ दिसली, ती कुणाची हे कुणालाच कळलं नाही आणि बोटवाल्याने ती देवमाशाच्या खात्यावर टाकली होती. डॉल्फिन दिसले म्हणजे सफर यशस्वी, असंही काहीजण धरतात. ते आधी विचारा.

दर सांगत नाही, हंगामाप्रमाणे हलतात. पण शेजारच्यापेक्षा निम्म्या दराने मिळत असेल तर ती बचत कुठून होते ते उघड आहे: जास्त माणसं, कमी डिझेल. कमी डिझेल म्हणजे सफर लवकर आटोपती घेणं, किंवा दुसऱ्या बोटींच्या मागे मागे पळणं. तिकिटात वन्यजीव खात्याचं शुल्क धरलंय का तेही विचारा, नाहीतर सकाळी बंदरावर सुट्टे मोजत बसाल.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न वेगळाच आहे: देवमासा दिसल्यावर तुमचा कप्तान बोट किती अंतरावर थांबवतो? श्रीलंकेत २०१२ पासूनचे नियम आहेत, आणि त्यांत शंभर मीटरचं अंतर राखायला सांगितलं आहे. जो 'शंभर मीटर, मग इंजिन हळू' असं पटकन सांगतो त्याच्याकडे जा. जो डोळा मारून 'एकदम जवळ नेतो साहेब' म्हणतो त्याच्याकडे जाऊ नका. हे केवळ भूतदयेपोटी सांगत नाही, यात तुमचा स्वार्थ आहे. देवमाशाच्या मागे बोट घातली की तो दोन-तीन श्वासांचं काम एकात उरकतो आणि बुडी मारतो. तुम्हाला दिसतं ते फेसाळ पाणी. बाजूला राहून, त्याच्या दिशेनेच समांतर आणि संथ चालणाऱ्या बोटीला तोच प्राणी चार-पाच श्वास दाखवतो, जाताना शेपूटही. दुसऱ्या सफरीत आमचा कप्तान घोळक्यात शिरलाच नाही. आठ बोटी एका बाजूला धावल्या, हा पठ्ठ्या इंजिन मंद करून उलट्या बाजूला थांबला. बोटीवरचे चारजण कुरकुरायला लागले. बारा मिनिटांनी देवमासा आमच्या बाजूला वर आला. दरवेळी असं होतं असं नाही, पण अशा कप्तानाला पैसे देताना हात आखडत नाही.

पाण्यात उतरून देवमाशाबरोबर पोहायला नेतो, असं आमिषही दाखवतात. परवानगीशिवाय ते बेकायदा आहे. विषय संपला.

बोट बघायला आदल्या दिवशी संध्याकाळी बंदरावर चक्कर मारा. मिरिसाचं मासेमारी बंदर गावाच्या पश्चिम टोकाला आहे. लाल-निळ्या मच्छीमार बोटी, जाळी विणत बसलेली माणसं, आणि हवेत सुक्या मासळीचा आपल्या ओळखीचा वास. तुमची बोट दुमजली आहे ना, सावली किती आहे, शौचालय आहे का, खालच्या डेकवर पाठ टेकायला बाक आहे का, हे प्रत्यक्ष बघा. घरात ज्येष्ठ असतील तर धक्क्यावरून बोटीत पाऊल कुठून टाकायचं तेही. कधी कधी मधे दुसरी बोट उभी असते आणि एकीतून दुसरीत जावं लागतं. आईसाठी मी हे आधी बघून ठेवलं होतं. सकाळी बोटीवरच्या पोराने तिला 'अम्मा' म्हणत दोन्ही दंडांना धरून अलगद आत घेतलं. वरच्या डेकचा जिना मात्र शिडीसारखा उभा असतो. गुडघेवाल्यांनी त्याचा नाद सोडावा, तसंही त्यांची जागा खालीच आहे.

पोटाची तयारी आदल्या रात्रीपासून

डोळे आणि कान यांचं पटत नाही तेव्हा बोट लागते. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो, आपण हलतोय. डोळे मोबाईलवर किंवा समोरच्या बाकावर असले की ते सांगतात, सगळं स्थिर आहे. या भांडणात मार पोटाला बसतो. म्हणून सगळे उपाय दोनच दिशांचे: डोळ्यांना हालचाल दिसू द्या, आणि पोटावर आधीच भार टाकू नका.

रात्री लवकर आणि साधं जेवा. श्रीलंकेचा झणझणीत खेकडा आणि नारळाची कालवणं सफरीनंतरच्या दुपारसाठी राखून ठेवा. दारू अजिबात नको. गोळी घेणार असाल तर ती बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, पोट बिघडल्यावर आत गेलेलं काही टिकत नाही. आपल्याकडे अवोमिन सर्रास घेतात. ती बोट सुटण्याच्या आधी तास-दोन तास, किंवा लांबच्या प्रवासाला आदल्या रात्री घेतात. पण झोप येते. मी काय केलं, तर निघण्याच्या महिनाभर आधी एका रविवारी घरीच एक गोळी घेऊन बघितली. दुपारी दोनपर्यंत सोफ्यावर आडवा. कळलं की एवढा भार आपल्याला झेपत नाही, मग डॉक्टरांनी दुसरी सुचवली. काचबिंदू, प्रोस्टेट, गरोदरपण, रोजच्या इतर गोळ्या, लहान मूल, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नका. आईची गोळी तिच्या डॉक्टरांनी ठरवली, मी नाही.

सकाळी उपाशी पोटी जाऊ नका, तेही लागतं. एक केळं, दोन मारी बिस्किटं, बस. दूध नको, तळलेलं नको. खिशात आलेपाकाच्या वड्या ठेवा. आल्याने मळमळ दबते, आणि ही वडी तोंडात विरघळत राहते हा तिचा मोठा गुण. आई आवळासुपारीच्या बाजूची आहे. बहुतेक बोटींवर सँडविच, कलिंगड, अननस असा नाश्ता देतात. कलिंगड खा. अननस आणि अंडं-मेयोनीजचं सँडविच दुसऱ्याला द्या, मैत्री होते.

आता जे कुणी लिहीत नाही ते. आपल्या वर्तमानपत्रांत देवमाशाच्या उलटीच्या तस्करीची बातमी वरचेवर असते, माणसाच्या उलटीबद्दल मात्र सगळे गप्प. झालीच तर लाजू नका, निम्म्या बोटीची होते. वारा पाठीवर येईल अशा बाजूला जा, कारण समोरून वारा असेल तर काय होतं हे मागच्या माणसाला विचारा. कठड्यावरून वाकण्यापेक्षा पिशवी बरी. चष्म्याला दोरी हवी. आणि कवळी असेल तर मळमळ सुरू होताच काढून डबीत ठेवा. माझ्या पहिल्या सफरीत एका गुजराती काकांची वरची कवळी हिंद महासागराला अर्पण झाली. त्यांना पुढचे चार दिवस भात आणि परिप्पू, म्हणजे तिथलं मसूरडाळीचं वरण, यांवर काढावे लागले.

कधीच समुद्रात गेला नसाल तर रंगीत तालीम घरीच करा. तारकर्ली, मालवण किंवा दापोलीजवळ हर्णै-कर्दे इथली डॉल्फिन दाखवणारी बोट तासाभराची असते आणि किनारा सोडत नाही. तिच्यात पोट कसं वागतं ते कळतं. तिथेच त्रास झाला तर मिरिसाला गोळीशिवाय जाऊ नका.

सकाळ

साडेसहाच्या सुमाराला बोटी सुटतात. सहाला बंदरावर असा. नावं लिहून घेतात, लाइफ जॅकेट देतात. ते गळ्यात अडकवून न ठेवता पट्टे आवळा, मुलांचे स्वतः आवळा. बऱ्याच बोटींवर चपला काढून टोपलीत टाकायला सांगतात, तेव्हा बूट-लेसचा थाट नको. सोबत वाऱ्याची पातळ जर्किन, हनुवटीखाली बांधता येणारी टोपी, सनस्क्रीन, पाणी. पहाटे गार वाटतं आणि नऊनंतर ऊन पाण्यावरून उलटं येऊन हनुवटीखालून भाजतं. माझ्या नाकपुड्या आतून सोलल्या होत्या.

जागा: खालचा डेक, मधोमध किंवा थोडं मागे. तिथे बोट कमी उचलते. अगदी शेवटच्या बाकावर नको, डिझेलचा धूर तिथेच येतो. नाकाडावर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, पाय सोडून बसायचं चित्र फार देखणं आहे, पण तिथे प्रत्येक लाटेला पोट एकदा आभाळात जाऊन येतं. वरचा डेक लांबचं बघायला चांगला हे खरं, तरी तो ज्यांना कधीच काही लागत नाही त्यांच्यासाठी.

पहिला तास-सव्वा तास नुसता प्रवास. क्षितिजाची रेघ धरून बसा. उजाडताना मागे वळून बघितलं तर दोंद्राचा पांढरा दीपस्तंभ नारळाच्या रेघेवर उभा दिसतो. श्रीलंकेची जमीन तिथे संपते. उडणारे मासे बोटीपासून फुटतात, पाण्यावरून चकतीसारखे सरसरत जातात. पुढे कंटेनर जहाजं दिसायला लागतात, एकामागे एक. आशियातला प्रचंड माल याच वाटेने जातो, आणि नेमका हाच देवमाशांचा चरायचा पट्टा. जहाजाची धडक हे त्यांच्या मरणाचं इथलं मोठं कारण आहे. २०२२ मध्ये एमएससी या मोठ्या जहाज कंपनीने आपली जहाजं सुमारे पंधरा सागरी मैल दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली. बाकीच्या बऱ्याच जहाजांची वाट अजून तीच आहे.

सगळ्यात वाईट वेळ चालत्या बोटीवर येत नाही, थांबल्यावर येते. इंजिन मंद झालं की बोट आडवी डोलायला लागते, आणि नेमकं तेव्हाच सगळे कॅमेऱ्यात डोकं घालतात. आलेपाकाची वडी त्या वेळेसाठी राखून ठेवा.

बघायचं कसं

शेपूट शोधू नका. शेपूट हा शेवट आहे. शोधायचा असतो फवारा. क्षितिजाच्या जरा अलीकडे नजर ठेवून डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवा, एका जागी टक लावू नका. निळ्या देवमाशाचा फवारा सरळ उभा, उंच खांबासारखा. नऊ मीटरपर्यंत जातो, म्हणजे तीन मजले. दोन-तीन सेकंद हवेत राहतो आणि वाऱ्याने विरतो. लाटेचा फेस आडवा फुटतो, हा उभा उठतो. एकदा फरक कळला की चुकत नाही. फवारा बुटका, झुडपासारखा आणि पुढे डावीकडे झुकलेला असेल तर तो स्पर्म व्हेल, कारण त्याचं नाक डोक्याच्या टोकाला डाव्या बाजूला असतं. तिसरा एक, ब्रायडीचा देवमासा, अंगाने लहान, फवारा आखूड, आणि जाताना शेपूट दाखवायचा त्याचा स्वभाव नाही.

बोटीवरचा माणूस दिशा घड्याळात सांगतो. नाकाड म्हणजे बारा, उजवी बाजू तीन, पाठ सहा, डावी नऊ. 'टू ओ'क्लॉक!' असा ओरडा झाला की उजवीकडे पुढे बघायचं. आमच्या आईने मनगटाकडे बघितलं आणि म्हणाली, "अरे, आत्ता कुठे आठ वाजतायत."

फवारा दिसला की मोजायला लागा. खोल बुडीनंतर वर आलेला निळा देवमासा एकदा श्वास घेऊन जात नाही. दहा-वीस सेकंदांच्या अंतराने बरेचदा श्वास घेतो. प्रत्येक वेळी आधी फवारा, मग पाठ, पाठ, पाठ... संपतच नाही, आणि तुम्हाला वाटतं गेला, तेव्हा कुठे अगदी मागे टीचभर त्रिकोणी पर दिसतो. एवढ्या अंगाला एवढासा पर. रंग निळा म्हणतात, पण वर आल्यावर तो पावसाळी ढगासारखा राखाडी असतो, डागाडागांचा. निळा दिसतो तो पाण्याखाली. वर यायच्या आधी क्षणभर पाणी आतून फिकट हिरवट-निळं उजळतं, जणू खाली कुणी दिवा लावला. हे फक्त उन्हात आणि फक्त शांत पाण्यात दिसतं. मला दुसऱ्या सफरीत एकदाच दिसलं.

मग एका श्वासानंतर पाठीची कमान नेहमीपेक्षा उंच होते. हीच खूण. आता खोल जाणार. कॅमेरा काढायचा असेल तर आता, आधी नाही. इथले निळे देवमासे बरेचदा शेपूट पाण्याबाहेर उचलून जातात. पाणी दोन्ही टोकांवरून पडद्यासारखं निथळतं आणि शेपूट आवाज न करता आत जाते. यानंतर लगेच दुसरीकडे बघू नका. तिथे पाण्यावर तेल सांडल्यासारखा गुळगुळीत गोल राहतो. चहूकडे लाटा, मधे हा सपाट तुकडा. शेपटीच्या फटकाऱ्याने खालून ढकललेलं पाणी वर येऊन तो बनतो. कधी विटकरी रंगाचा ढगही दिसतो, ती त्याची विष्ठा, लाल कोळंबीच्या खाण्यामुळे तशी. आशा डी वॉस यांना हे देवमासे इथे चरतात याचा पहिला सुगावा अशाच लाल ढगावरून लागला, २००३ मध्ये. आणि वारा आपल्याकडे असेल तर श्वासाचा वास येतो. आईने एका शब्दात सांगितला: "बोंबील."

आता आठ ते पंधरा मिनिटं काही होणार नाही. पाणी प्या, क्षितिज बघा. याच वेळात कंटाळून लोक फोन उघडतात आणि पुढच्या फवाऱ्याला आजारी असतात.

फोटोचं थोडक्यात

फोनने देवमाशाचा फोटो काढलात तर समुद्राचा फोटो मिळेल. व्हिडिओ चालू ठेवा, फोन छातीशी धरा आणि बघा मात्र डोळ्यांनी. कॅमेरा असेल तर दोनशे-तीनशे मिलिमीटरची लेन्स, शटर सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून जलद, सलग फ्रेम. व्ह्यूफाइंडरमध्ये अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त राहू नका, पोटाला ते चालत नाही. ड्रोनला परवानगी लागते, तो घरीच ठेवा.

उतरल्यावर

देवमासा पहिल्याच तासात दिसला तर दहा-अकराला परत, शोधाशोध झाली तर बारा-साडेबारा. जमिनीवर पाय टेकल्यावर दोन-तीन तास सगळं हलल्यासारखं वाटतं. आई अंघोळ करताना नळ धरून उभी होती. घाबरायचं कारण नाही, झोप काढली की जातं. गोळी घेतली असेल तर स्कूटर भाड्याने घेऊन हिंडायला निघू नका, दुपारभर टुकटुक बरी.

चांगल्या बोटवाल्यासाठी दोन ओळी कुठे लिहिणार असाल तर 'खूप जवळ नेलं' असं लिहू नका, पुढचा गिऱ्हाईक तेच मागतो आणि कप्तानाला तेच करावं लागतं. अंतर राखून थांबला, इंजिन मंद केलं, घोळक्यात शिरला नाही, हे लिहा.

आणि नाही दिसला तर खट्टू होऊन खोलीवर जायच्या आधी, बोटीतून उतरता उतरताच उद्याची नावं नोंदवून घ्या. संध्याकाळी सावकाश फोन करू म्हणाल, तर खालच्या डेकची मधली बाकं तोवर गेलेली असतात.